नव्या डेस्कटॉपला बिनतारी कीबोर्ड, हेडफोन आणि प्रिंटर नीट जोडले जात नाहीत

उद्यमनगरकर
सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

आमचे उद्यमनगरात यंत्रांचे सुटे भाग कातून देण्याचे लहानसे वर्कशॉप आहे आणि त्याच्याच पोटमाळ्यावर आठ बाय दहा फुटांचे कार्यालय आहे. तिथला जुना संगणक बारा वर्षांच्या सेवेनंतर यंदा निवृत्त केला आणि राजारामपुरीतल्या एका दुकानातून भाग निवडून नवा डेस्कटॉप जोडून घेतला. विंडोज ११ आहे. टेबलावरचा वायरींचा गुंता एकदाचा संपवावा, म्हणून त्यासोबत बिनतारी कीबोर्ड-माउसची जोडी, एक ब्लूटूथ हेडफोन आणि वायफायवर चालणारा प्रिंटर घेतला. तीन आठवडे झाले. वायरी गेल्या, पण त्यांच्या जागी रोजची कटकट आली आहे.

पहिली तक्रार कीबोर्डची आहे. मी मराठी इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकतो. सकाळभर एक अक्षर चुकत नाही, परंतु संध्याकाळी सहानंतर अक्षरे गळू लागतात. ‘कोल्हापूर’ टंकले की पडद्यावर ‘कोलहापूर’ उमटते आणि ‘उद्यमनगर’चे ‘उदयमनगर’ होते, म्हणजे नेमकी पाय मोडण्याची कळ कुठेतरी वाऱ्यावर जाते. माउसचा बाणही त्या वेळी अडखळत चालतो. बॅटरी दोनदा बदलली. संध्याकाळी शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग जोरात असते, त्यामुळे माझा संशय तिकडे आहे.

दुसरी तक्रार हेडफोनची. तो संगणकाला सापडतो, जोडलाही जातो, पण खुर्चीवर बसले की आवाज तुटक येतो आणि दारापर्यंत गेलो तर पूर्ण बंद होतो. हेच हेडफोन मोबाईलला जोडून मी खाली लेथपर्यंत जातो, तेव्हा काहीही बिघडत नाही. गंमत म्हणजे परवा टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या मागची धूळ पुसत होतो, तेव्हा मात्र गाणे अगदी स्वच्छ ऐकू आले. दुकानदाराने हेडफोन बदलून दिला, तरी फरक नाही.

त्यातच भर म्हणजे, पुण्याच्या ग्राहकाशी व्हिडिओवर ड्रॉइंगची चर्चा सुरू झाली की त्याच हेडफोनमधला आवाज जुन्या काळच्या ट्रंक कॉलसारखा होतो. आणि प्रिंटर दर दोन-तीन दिवसांनी ‘ऑफलाइन’ दिसतो. तो काढून पुन्हा जोडावा लागतो.

दुकानातून प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळते, की ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाका. तीनदा टाकून झाले. आता ते म्हणतात की ब्लूटूथचे वेगळे डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचे लहान उपकरण, विकत घ्या. घ्यावे काय? कॅबिनेट पोलादी टेबलाच्या खाली, भिंतीला टेकवून ठेवले आहे. मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पाटीच्या) नावात ‘वायफाय’ हा शब्द आहे, असे बिलावरून दिसते.

पान्हा-पकड
सोमवार, रात्री १०:४५

नमस्कार. डोंगल घेऊ नका, निदान आज तरी नको. ड्रायव्हरचा विषयही काही दिवस बाजूला ठेवा आणि टॉर्च घेऊन पुन्हा एकदा टेबलाखाली वाका. मी पंधरा वर्षे संगणक जोडण्याचे काम करतो आणि तुमच्या मजकुरातले सगळ्यात मोलाचे वाक्य मला धूळ पुसण्याचे वाटले.

ज्या मदरबोर्डच्या नावात वायफाय असते, त्याच्यावर वायफाय आणि ब्लूटूथ या दोहोंसाठी मिळून एकच लहानसे कार्ड बसवलेले असते. लॅपटॉपमध्ये त्या कार्डाचे अँटेना पडद्याच्या चौकटीत दडवलेले असतात, त्यामुळे आपल्याला त्यांची आठवणही राहत नाही. डेस्कटॉपचे कॅबिनेट मात्र पत्र्याची पेटी असते आणि पत्र्याच्या पेटीत कोंडलेला रेडिओ बाहेर फारसा पोहोचत नाही, म्हणून त्याचे अँटेना बाहेर बसवावे लागतात. मदरबोर्डच्या मागच्या पट्टीवर आटे पाडलेली दोन सोनेरी टोके दिसत आहेत का, ते पाहा. ती उघडी असतील, तर अँटेना बसवलेलेच नाहीत. ते मदरबोर्डच्या खोक्यात, बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पडून असतील. जोडणाऱ्याने खोक्याचा तळ न पाहताच ते तुमच्या हाती दिले असेल. घाईत हे होते, माझ्याकडूनही झाले आहे. अँटेना नसले तरी ब्लूटूथ सुरू होते, उपकरणे सापडतात, जोडलीही जातात, फक्त त्याचा पल्ला हातभर उरतो. म्हणूनच तुम्ही कॅबिनेटच्या मागे गेलात तेव्हा गाणे स्वच्छ ऐकू आले आणि म्हणूनच हेडफोन बदलून फरक पडला नाही.

वायफाय वापरत नसाल आणि इंटरनेट केबलने घेत असाल, तरीही दोन्ही अँटेना बसवा, कारण ब्लूटूथ त्यांतल्याच एकावर चालते. आटे हा तुमच्याच धंद्यातला विषय असल्यामुळे एक विनंती आहे, की हाताने जेवढे आवळले जाईल तेवढेच आवळा, पान्हा लावू नका. अलीकडच्या काही बोर्डांवर आट्यांऐवजी नुसते दाबून बसवायचे टोक असते, तेही चालते. अँटेना टेबलाच्या पोलादी पाटाखाली राहणार असतील, तर कॅबिनेट बाजूला सरकवा किंवा टेबलावर घ्या. वायरवर लांबवलेला आणि तळाशी चुंबक असलेला अँटेना असेल, तर तो टेबलावर उभा करा.

आता कीबोर्डकडे येतो. तुमची कीबोर्ड-माउसची जोडी ब्लूटूथची नसून यूएसबीत घालायच्या नखाएवढ्या रिसीव्हरवर चालणारी असावी, असे वर्णनावरून वाटते. हा रिसीव्हर, ब्लूटूथ आणि जुन्या पद्धतीचे वायफाय हे तिन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी जी अवस्था असते, ती या पट्ट्याची बारा महिने असते. ब्लूटूथची जुनी पद्धत गर्दीतून वाट काढण्यासाठी त्या पट्ट्याचे ७९ भाग पाडते आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारते, शिवाय जिथे गोंगाट असेल ते भाग टाळते. स्वस्तातले रिसीव्हर एवढे चपळ नसतात.

वेल्डिंगवर संशय घेण्याआधी दोन गोष्टी सांगा. रिसीव्हर कोणत्या पोर्टमध्ये आहे, पोर्टची जीभ निळी आहे की काळी? आणि संध्याकाळी सहानंतर संगणकावर असे काही सुरू होते का, जे सकाळी सुरू नसते?

उद्यमनगरकर
मंगळवार, दुपारी १:१०

पान्हा-पकड साहेब, दोन्ही अँटेना सापडले. मदरबोर्डचे रिकामे खोके मजबूत होते म्हणून त्यात कामगारांची हजेरीकार्डे ठेवायला घेतली होती; तळाच्या पुठ्ठ्याखाली, आपण म्हणालात तसे, पिशवीत बांधलेले दोन काळे दांडे निघाले. बसवले. आत्ता हेडफोन घालून जिना उतरून खाली जाऊन आलो, आवाज एकदाही तुटला नाही. तीन आठवडे मी त्या खोक्यावर रोज हात ठेवत होतो, याचे हसू येते.

रिसीव्हर मागच्या निळ्या पोर्टमध्ये आहे. आणि संध्याकाळी सहा वाजता दिवसाचा टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचे काम सुरू होते. ती डिस्क रिसीव्हरला खेटून असलेल्या निळ्या पोर्टमध्येच आहे. ते काम तासभर चालते. आपला रोख तिकडे आहे काय?

पान्हा-पकड
मंगळवार, दुपारी ३:३०

अगदी तिकडेच आहे. निळे पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चे असते. त्याच्या केबलमधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते आणि त्या धावण्याचा विद्युत गोंगाट पसरट असतो, त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सापडतो. केबलचे किंवा डिस्कच्या डबीचे कवच हलके असले की तो गोंगाट बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते आणि त्यात बाहेरची डिस्क लावल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट, वाढल्याचे मोजून दाखवले होते. तुमचा कीबोर्ड हाक मारतो तेव्हा रिसीव्हरच्या कानाशी ढोल वाजत असतो. डिस्क थांबली की ढोल थांबतो, म्हणून सकाळी सगळे ठीक असते.

उपाय अगदी साधा आहे. यूएसबी २.० ची हात-दीड हात लांबीची एक्स्टेंशन केबल घ्या, ती मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावा आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डच्या समोर आणून ठेवा. डिस्क मागेच राहू द्या. रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये लावूनही बऱ्याच वेळा भागते, परंतु तुमचे कॅबिनेट पोलादी टेबलाखाली असल्यामुळे मी केबलच सुचवेन. काळे-निळे हा रंगांचा संकेत सगळेच उत्पादक पाळतात असे नाही, म्हणून शंका आली तर मदरबोर्डच्या पुस्तिकेतले चित्र पाहा.

तंबोरा
मंगळवार, सायंकाळी ७:०५

ट्रंक कॉलसारख्या आवाजाविषयी लिहिते, कारण त्याने मला वर्षभर छळले आहे. मी शास्त्रीय गायन शिकवते आणि माझे काही विद्यार्थी परदेशातून ऑनलाइन शिकतात. संगणकावर तंबोरा लावून हेडफोनवर ऐकत बसले, की जव्हारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणक, कशी खुलून येते. पण शिकवणीची बैठक सुरू होऊन माइक चालू झाला, की क्षणात तंबोऱ्याच्या तारांतला सगळा झणत्कार निघून जातो आणि मागे नुसती घूं उरते. मला आधी हेडफोन खराब वाटला, मग कान.

कारण असे, की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एक फक्त ऐकण्यासाठी असते, तिच्यात दोन्ही कानांना वेगळा आणि भरदार आवाज मिळतो. दुसरी फोनवर बोलण्यासाठी केलेली असते, तिच्यात ऐकणे आणि बोलणे दोन्ही चालते, पण दोन्ही बाजूंचा आवाज एकपदरी आणि आखूड होतो. या दुसऱ्या व्यवस्थेत आवाजाचे सेकंदाला ८ हजार, आणि जरा बऱ्या उपकरणांत १६ हजार नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्यापेक्षा वरची कंपने त्यात मावतच नाहीत, म्हणजे ८ हजार नमुन्यांच्या प्रकारात ४ हजार हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. माणसाचे बोलणे तेवढ्यात समजते. तंबोऱ्याचे वरचे स्वरांश मात्र तिथेच मरतात. संगणकावरच्या कोणत्याही प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक मागितला, की संगणक मुकाट्याने पहिल्या व्यवस्थेतून दुसरीत जातो. ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी हे बदलत नाही, कारण हा बिघाड नसून ब्लूटूथची घडणच तशी आहे.

त्यामुळे हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा आणि बोलण्यासाठी दुसरा माइक द्यावा. तुमच्या वेबकॅमला माइक असेल तर बैठकीच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन ‘मायक्रोफोन’ म्हणून तो निवडा आणि ‘स्पीकर’ म्हणून हेडफोन राहू द्या. विंडोज १० मध्ये हेडफोनची ‘स्टीरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावे वेगवेगळी दिसत असत आणि गल्लत होई. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती एकत्र केली आहेत, त्यामुळे आता लक्ष माइकच्या निवडीवर ठेवायचे. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, परंतु त्यासाठी हेडफोन, संगणकातले कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर या तिघांनाही ती यावी लागते. एकाला येत नसेल तर जुन्याच व्यवस्थेवर काम चालते.

जाता जाता आणखी एक. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. ड्रॉइंगच्या चर्चेत तुम्हाला ते जाणवणारही नाही. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, तेव्हा ठेक्यावर गाणाऱ्याने ब्लूटूथ घालणे म्हणजे जवळजवळ मात्राभर मागे राहून समेवर येण्याचा प्रयत्न करणे होय. माझा रियाजाचा हेडफोन वायरचाच आहे.

जुनी_वायर
मंगळवार, रात्री ९:५०

ताईंनी शेवटी जे लिहिले ते मी सुरुवातीलाच लिहिले असते. जिथे पगार, जीएसटी आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्या संगणकाला बिनतारी कीबोर्ड हवा कशाला? वायरचा कीबोर्ड बॅटरी मागत नाही, ढोलाला घाबरत नाही आणि बारा वर्षे टिकतो, हे उद्यमनगरकरांनी स्वतः पाहिले आहे.

दोन ठोस मुद्दे मांडतो. पहिला असा, की संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, जाण्याची वेळ आली, किंवा विंडोज बिघडून ती दुरुस्त करण्याचा प्रसंग आला, तर ब्लूटूथचा कीबोर्ड बहुतेक संगणकांवर मुका असतो, कारण ब्लूटूथ चालवणारी यंत्रणा विंडोजबरोबर जागी होते. माझ्या भाच्याने ब्लूटूथ कीबोर्ड घेऊन जुना वायरचा भंगारात दिला, आणि पुढच्याच महिन्यात पडद्यावर ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ अशी सूचना येऊन अडकली. दाबायचे कशाने?

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. २०१६ साली ‘माउसजॅक’ या नावाने एक दोष उघड झाला. बऱ्याच कंपन्यांच्या बिनतारी रिसीव्हरांमध्ये कीबोर्डकडून येणारी माहिती कुलूपबंद असली, तरी माउसकडून येणारी उघडी असे. त्या उघड्या वाटेने सुमारे शंभर मीटरवरचा माणूस, स्वस्तातले एक रेडिओ उपकरण वापरून, रिसीव्हरला खोट्या कळा दाबलेल्या दाखवू शकत होता. शंभर मीटर म्हणजे तुमच्या वर्कशॉपपासून दोन-तीन गल्ल्या.

पान्हा-पकड
बुधवार, सकाळी ८:१५

वायर साहेबांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे, फक्त त्यात एक भेद राहिला. रिसीव्हरवर चालणारा कीबोर्ड संगणकाला साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे तो बायोसमध्येही चालतो; अडते ते ब्लूटूथवाल्यांचे. तरीही वायरचा एक जुना कीबोर्ड खणात असावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. भंगारवाला त्याचे वीस रुपयेसुद्धा देत नाही.

माउसजॅकची माहिती खरी आहे. त्यानंतर अनेक उत्पादकांनी रिसीव्हरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या काढल्या, मात्र जुने रिसीव्हर आपणहून दुरुस्त होत नाहीत, ते मालकालाच करावे लागते. म्हणून जुन्या संगणकाचा रिसीव्हर उचलून नव्याला लावणाऱ्यांनी उत्पादकाच्या संकेतस्थळावर एकदा डोकवावे. रिसीव्हरांच्या अदलाबदलीचाही एक घोळ असतो. उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या जुन्या ‘युनिफाइंग’ रिसीव्हरला सहा उपकरणे जोडता येतात आणि नव्या ‘बोल्ट’लाही सहा जोडता येतात, पण एकाचे उपकरण दुसऱ्याला चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच नखाएवढे, तेव्हा त्यावरची खूण पाहूनच घ्यावे. साध्या स्वस्त जोडीचा रिसीव्हर हरवला, तर बहुतेक वेळा जोडीच नवी घ्यावी लागते.

दुकानदाराने सुचवलेल्या ब्लूटूथ डोंगलबद्दल एक इशारा राहिला होता. विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ रेडिओवर चालते. बोर्डावर ब्लूटूथ असताना वरून दुसरे लावले, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ या विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत जाऊन आधीचे बंद करावे लागते. ते न करता डोंगल लावणारे लोक दोन्हींना शिव्या देतात. ज्यांच्या बोर्डावर वायफायच नाही, त्यांना मात्र डोंगलशिवाय गत्यंतर नाही, आणि तेव्हाही ते मागे न लावता एक्स्टेंशनवर टेबलावरच ठेवावे.

लक्ष्मीपुरी_छापखाना
बुधवार, दुपारी १२:४०

प्रिंटरचा प्रश्न सगळ्यांनी वगळलेला दिसतो. आमच्याकडे चार प्रिंटर वायफायवर आहेत, म्हणून लिहितो.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ कधी दिसतो, ते आठवून पाहा. माझा अंदाज आहे की वीज जाऊन आल्यावर. राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो आणि तो पत्ता उसना असतो. वीज गेली, सगळी उपकरणे बंद पडली आणि पुन्हा वेगळ्या क्रमाने सुरू झाली, की प्रिंटरच्या वाट्याला दुसरा पत्ता येऊ शकतो. संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि दार कोणी उघडत नाही म्हणून ‘ऑफलाइन’ लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रकार आठवड्यातून तीनदा व्हायचा.

यावर इलाज राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तिथे प्रिंटरची निवड करून त्याला एक पत्ता कायमचा द्यावा. मग विंडोजमध्ये जुना प्रिंटर काढून नवा जोडताना आपोआप सापडलेला न घेता, ‘टीसीपी/आयपी पत्ता देऊन जोडा’ हा मार्ग घ्यावा आणि तोच पत्ता लिहावा. यात दहा मिनिटे जातात. आमच्या छापखान्यात हे केल्यापासून दोन पावसाळे गेले.

आणखी एक अडचण नव्याने प्रिंटर घेणाऱ्यांना हमखास येते. घरगुती आणि लहान कार्यालयांचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचे त्यांना दिसतच नाही. राउटरवर दोन्हींची नावे वेगळी ठेवली असतील, तर प्रिंटरला २.४ चे नाव द्यावे. संगणक ५ वर किंवा केबलवर असला तरी बिघडत नाही, दोघे एकाच राउटरच्या एकाच जाळ्यात असले म्हणजे झाले. फक्त पाहुण्यांसाठी काढलेल्या वेगळ्या वायफायवर प्रिंटर ठेवू नये, कारण बहुतेक राउटर त्या जाळ्यातल्या उपकरणांना आतल्या संगणकाशी बोलू देत नाहीत. संगणक केबलवर नेणे शक्य असेल तर जरूर न्यावा, म्हणजे वर चर्चा झालेल्या त्या गजबजलेल्या पट्ट्यातून एक माणूस कमी होईल.

उद्यमनगरकर
शुक्रवार, रात्री ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. काय काय झाले ते नोंदवून ठेवतो.

बुधवारी संध्याकाळी मुद्दाम बॅकअप सुरू केला आणि रिसीव्हर जागचा न हलवता ‘कोल्हापूर’ दहा वेळा टंकले. चार वेळा पाय मोडला नाही. मग लक्ष्मीपुरीतून आणलेल्या केबलवर रिसीव्हर टेबलावर घेतला, बॅकअप चालूच ठेवला आणि पुन्हा दहा वेळा टंकले. दहाही बरोबर आले. शेजारची वेल्डिंग तेव्हा भर जोरात सुरू होती. त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात तीन आठवडे बोल लावत होतो, त्यामुळे काल त्यांना बोलावून चहा पाजला. कारण सांगितले नाही.

तंबोराताईंच्या सांगण्याप्रमाणे माइक वेबकॅमचा निवडला. पुण्याच्या ग्राहकाने आपण होऊन विचारले की आज तुम्ही नवा फोन घेतला काय. मलाही त्यांचा आवाज स्वच्छ येतो, फक्त वेबकॅमच्या माइकमधून खालचा लेथ त्यांना ऐकू जातो, पण ते कारखानदारच असल्यामुळे त्यांना त्याचे काही वाटले नाही. प्रिंटरला पत्ता राखून दिला आहे. काल दुपारी वीज पाऊण तास गेली होती, ती आल्यावर पहिलेच चलन न कुरकुरता छापले गेले. वायर साहेब, आपल्या सल्ल्याने जुना कीबोर्ड खणात ठेवला आहे. बँकेच्या कामासाठी तोच लावायचा की नाही, यावर माझे आणि मुलाचे अजून एकमत झालेले नाही.

एक नवीच गोष्ट लक्षात आली आहे. दुपारी जेवायला जाताना मी संगणक झोपवून जातो, आणि परत आल्यावर तो जागा झालेला असतो. कोणी हात लावलेला नसतो. जुन्या संगणकाला ही खोड नव्हती. हाही गोंगाटाचाच प्रकार आहे का?

पान्हा-पकड
शुक्रवार, रात्री ९:१०

गोंगाट नाही, कंप आहे. आपले कार्यालय पोटमाळ्यावर आणि लेथ खाली. लेथ सुरू झाला की टेबल केसभर हलते, माउसच्या पोटातला डोळा ते हलणे टिपतो आणि माउस संगणकाला उठवतो. जुन्या संगणकाला माउसने उठण्याची परवानगी दिलेली नसावी. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माउसच्या नावावर दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा भाग उघडा आणि या उपकरणाला संगणक जागा करू द्यावा, अशा अर्थाच्या ओळीसमोरची टिक काढून टाका. रिसीव्हर कीबोर्डचाही असल्यामुळे माउसच्या यादीत दोन नावे दिसू शकतात, दोन्हींची काढा. कीबोर्डच्या नावापुढची टिक मात्र तशीच राहू द्या, नाही तर जेवून आल्यावर संगणक उठवायला पुन्हा टेबलाखाली वाकावे लागेल.